सगळी उपकरणे रिसीव्हरला जोडावीत की टीव्हीला?

होम थिएटरचा रिसीव्हर (उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घेऊन झाला, स्पीकर जागेवर लागले, मायक्रोफोन ठेवून खोलीचे मोजमापही उरकले, आणि आता डिस्क प्लेअर, स्ट्रीमिंग बॉक्स व गेमिंग कन्सोल यांच्या एचडीएमआय केबली नेमक्या कुठे खोचायच्या एवढाच निर्णय ज्यांचा बाकी आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. पहिल्या मांडणीत सगळी उपकरणे रिसीव्हरला जोडायची आणि तिथून एकच केबल टीव्हीकडे न्यायची. दुसऱ्या मांडणीत सगळी उपकरणे टीव्हीला जोडायची आणि टीव्हीकडून आवाज तेवढा ई-आर्कच्या (एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलट दिशेने नेणाऱ्या सोयीच्या) वाटेने रिसीव्हरकडे परत आणायचा. मी दोन्ही मांडण्या बराच काळ वापरल्या आहेत. त्यांपैकी एकीवर मी स्थिरावलो असलो, तरी दुसरी निवडणाऱ्यांकडे सबळ कारणे असू शकतात, हे आधीच मान्य करतो.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न पडलाच नसता. 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर आलेल्या जुन्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल किंवा डॉल्बी डिजिटल प्लससारखा (दर्जा थोडा घटवून) दाबलेला आवाज किंवा साधा स्टिरिओ आवाज तेवढा जातो. ब्ल्यू-रे डिस्कवरील ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा दर्जा न घटवलेला आवाज त्यातून मावत नाही. ज्यांच्या टीव्हीवर आजही केवळ साधे आर्क आहे, त्यांनी निदान डिस्क प्लेअर तरी सरळ रिसीव्हरला जोडावा; तिथे तुलनेला फारसा वाव नाही. 2017 मध्ये एचडीएमआय 2.1 सोबत आलेल्या ई-आर्कने ही अडचण दूर केली. त्यातून आठ वाहिन्यांचा (वेगवेगळ्या स्पीकरसाठीच्या आठ स्वतंत्र प्रवाहांचा), 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झपर्यंतचा न दाबलेला आवाज जाऊ शकतो, म्हणजे घरगुती वापरातील कोणत्याही स्वरूपाला ती वाट पुरेशी रुंद आहे. त्यामुळे टीव्हीला मध्यवर्ती मानणारी मांडणी आज खरोखरच स्पर्धेत आहे.

तिच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा चित्राचा आहे. रिसीव्हरचा आवाजाचा भाग वर्षानुवर्षे चालतो, परंतु त्यातील एचडीएमआयचा भाग फार लवकर जुना होतो. आधी 4के आले, मग त्यासोबत एचडीसीपी 2.2 हे नक्कलरोधक कुलूप, त्यानंतर डॉल्बी व्हिजन हे उजेड-रंगांचा विस्तार वाढवणारे चित्रस्वरूप, पुढे 4के चित्र सेकंदाला 120 फ्रेमने आणि बदलता रिफ्रेश दर (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो दर). यांपैकी प्रत्येक टप्प्यावर धडधाकट रिसीव्हर केवळ चित्र पुढे पाठवता येत नाही म्हणून अडथळा ठरले. उपकरणे टीव्हीला जोडली की चित्राला रिसीव्हरमधून जावेच लागत नाही, आणि जुना ॲम्प्लिफायर आणखी बरीच वर्षे निवांत काम करतो. शिवाय घरात कोणाला फक्त बातम्या पाहायच्या असतील तर रिसीव्हर चालू न करता टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर भागते. पहिल्या मांडणीतही रिसीव्हर स्टँडबायवर ठेवून सिग्नल पुढे सोडण्याची सोय असते खरी, पण त्यासाठी तो आतून अर्धवट जागाच राहतो आणि त्या अवस्थेत इनपुट बदलणे प्रत्येक मॉडेलमध्ये सारखेच सुरळीत होत नाही.

टीव्हीला सगळे जोडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे टीव्ही डीटीएस आवाज पुढे पाठवतो का; काही टीव्ही तो अडवतात, आणि तसे असेल तर डिस्कचा मोठा संग्रह असणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच निकालात निघतो. दुसरी म्हणजे टीव्हीवरील एचडीएमआय पोर्टांची खरी गणती. चार पोर्टांपैकी बरेचदा दोनच पूर्ण वेगाचे असतात, आणि कित्येकदा त्या दोहोंपैकीच एक ई-आर्कचा असतो, जो रिसीव्हरने आधीच व्यापलेला असतो.

इथवर वाचून पारडे टीव्हीकडे झुकते असे वाटेल, आणि केवळ कागदावर पाहिले तर ते झुकतेही. माझ्या बाबतीत निर्णय वेगळ्याच कारणाने झाला, आणि ते कारण म्हणजे ओठ आणि शब्द यांचा मेळ.

टीव्ही चित्रावर संस्कार करतो आणि त्याला वेळ लागतो. हालचाल गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू असेल तर हा वेळ शंभर मिलीसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिकही होऊ शकतो. गेम मोडमध्ये तोच थोडक्या मिलीसेकंदांवर येतो. उपकरण सरळ रिसीव्हरला जोडलेले असेल तर आवाज रिसीव्हरमध्ये लगेच उलगडला जातो आणि चित्र मागून येते, म्हणजे शब्द ओठांच्या आधी ऐकू येतो. हा दोष डोळ्याला लवकर खुपतो. आवाज सुमारे 45 मिलीसेकंद पुढे गेला तरी तो जाणवू लागतो, मागे मात्र सुमारे 125 मिलीसेकंदांपर्यंत राहिला तरी सहसा लक्षात येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीत नमूद आहे. निसर्गात आवाज नेहमी प्रकाशाच्या मागूनच पोहोचतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला उपजत सवय असावी.

तरीही पहिल्या मांडणीतील हा दोष सुधारता येतो, कारण पुढे धावणाऱ्या आवाजाला थांबवून धरणे रिसीव्हरच्या हातात असते. 2006 च्या एचडीएमआय 1.3 पासून टीव्ही आपल्याला लागणारा वेळ स्वतःहून रिसीव्हरला कळवू शकतो, आणि तो आकडा पटला नाही तर हाताने विलंब वाढवता येतो. दुसऱ्या मांडणीत याच्या उलट घडते. आवाज आधी उपकरणातून टीव्हीत जातो, तिथे कधी उलगडला जाऊन नव्याने बांधला जातो, मग ई-आर्कमधून रिसीव्हरकडे येतो, तिथे पुन्हा त्यावर प्रक्रिया होते आणि शेवटी स्पीकरपर्यंत पोहोचतो. एवढा वळसा घालून आलेला आवाज जर चित्राच्या मागे पडला, तर रिसीव्हरमध्ये कोणतीही कळ दाबून तो पुढे आणता येत नाही. विलंब वाढवण्याची सोय सर्वत्र आहे, पण झालेला विलंब कमी करण्याची सोय रिसीव्हरमध्ये असूच शकत नाही.

ई-आर्कच्या मानकात आवाज आणि चित्र यांची वेळ जुळवण्याची तरतूद अनिवार्य आहे, हे मला ठाऊक आहे, आणि काही जोड्यांत ती उत्तम चालत असेल यातही शंका नाही. माझ्याकडील जोडीत ती चित्रपटांपुरती चालत असे. प, ब, म या ओष्ठ्य वर्णांपाशी, जिथे ओठ मिटलेले दिसायलाच हवेत, तिथे मी मुद्दाम लक्ष ठेवत असे आणि सिनेमा मोडमध्ये तक्रारीला जागा नसे. कन्सोल सुरू होऊन टीव्ही गेम मोडमध्ये गेला की चित्र झटकन पुढे सरके, आवाज मात्र आपला वळसा घालूनच येई. पडद्यावर स्फोट दिसून गेल्यावर मागून त्याचा धमाका ऐकू येई. स्ट्रीमिंग बॉक्सची तऱ्हा तिसरीच होती. त्रासदायक भाग असा की या तिन्ही उपकरणांचा आवाज रिसीव्हरकडे एकाच 'टीव्ही ऑडिओ' इनपुटवरून येतो, त्यामुळे एकासाठी केलेली जुळवणी दुसऱ्याची बिघडवते. माझ्याजवळ मोजण्याचे उपकरण नाही, आणि दुसऱ्या कोणाला हा फरक कदाचित जाणवणारही नाही. परंतु एकदा नजरेला तो दिसू लागला की कथानकापेक्षा बोलणाऱ्याच्या ओठांकडेच लक्ष जात राहते.

रिसीव्हरला सगळे जोडल्यावर प्रत्येक उपकरणाला स्वतःचे इनपुट मिळते, आणि अनेक रिसीव्हर विलंब, आवाजाची मूळ पातळी व ध्वनी मोड प्रत्येक इनपुटसाठी स्वतंत्र लक्षात ठेवतात. आपल्या मॉडेलमध्ये हे आहे का, ते पुस्तिकेत आधी पाहावे, कारण काहींमध्ये विलंब सरसकट एकच असतो. मी एकदा प्रत्येक इनपुटची जुळवणी केली आणि त्यानंतर त्या मेनूत क्वचितच गेलो. रिसीव्हरचा मेनू पडद्यावर दिसणे, आत्ता येणारा आवाज खरोखर ट्रूएचडी आहे की टीव्हीने त्याचे काही केले आहे ही शंकाच न उरणे, हे किरकोळ लाभही पदरात पडतात.

याची किंमत चित्राच्या बाजूने मोजावी लागते. आता टीव्हीच्या दृष्टीने सगळी उपकरणे एकाच पोर्टवर आहेत, त्यामुळे डिस्कसाठी एक रंगजुळणी आणि कन्सोलसाठी दुसरी, असे पोर्टनिहाय करता येत नाही. ही गैरसोय खरी आहे, मात्र तिच्यावर उतारा सापडतो. गेम सुरू होताच टीव्हीला आपोआप कमी विलंबाच्या मोडमध्ये नेणारी एएलएलएम ही सोय रिसीव्हरने पुढे पाठवली तर निम्मे काम होते. शिवाय बरेच टीव्ही एसडीआर (साधे चित्र), एचडीआर (अधिक उजेड-रंगांचे चित्र) आणि डॉल्बी व्हिजन यांच्या जुळण्या एकाच पोर्टवरही वेगवेगळ्या ठेवतात.

सीईसीविषयी फार लिहीत नाही, कारण एका रिमोटने सगळे चालवण्याची ही सोय दोन्ही मांडण्यांत सारखीच लहरी आहे. एवढे सांगतो की जुन्या आर्कला सीईसी चालू असणे बहुधा आवश्यक असते, ई-आर्कची जोडणी मात्र त्याशिवायही होऊ शकते. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त करायचा असेल तर ते दोन्हीकडे लागतेच. आणि टीव्हीतील स्वतःची ॲप्स वापरणाऱ्याला पहिल्या मांडणीतही ई-आर्क चालू ठेवावेच लागते. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीतच जन्मतात, त्यामुळे मेळ सहसा बिघडत नाही.

म्हणून ज्यांचे बहुतेक पाहणे टीव्हीतील ॲप्सवरच होते आणि सोबत एखादेच बाहेरचे उपकरण आहे, त्यांनी माझ्या मतासाठी केबली उपसण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन वेगवेगळ्या स्वभावाची उपकरणे आहेत आणि रिसीव्हर अलीकडचा आहे, त्यांनी आधी सगळे रिसीव्हरला जोडून पाहावे असे मला वाटते. रिसीव्हर जुना असून कन्सोलला 120 फ्रेमचे चित्र हवेच असेल, तर तेवढा कन्सोल टीव्हीला जोडावा आणि बाकीची उपकरणे रिसीव्हरवरच ठेवावीत. अशा वेळी टीव्हीचा डिजिटल आवाज 'पासथ्रू'वर (काही न बदलता पुढे पाठवण्यावर) आणि रिसीव्हरच्या टीव्ही इनपुटचा विलंब शून्यावर ठेवून सुरुवात करावी, आणि कन्सोलमध्ये बिटस्ट्रीम (दाबलेल्या रूपातच पाठवलेला आवाज) व न दाबलेला पीसीएम हे दोन्ही पर्याय ऐकून ज्यात आवाज चित्राच्या कमी मागे राहतो तो कायम करावा.