निळ्या पाण्याचे 15,050 रुपये

आकडा आधीच सांगतो, हसायचं ते हसून घ्या. माशांच्या टाकीत ओतायच्या 'जिवंत बॅक्टेरिया'चे 5 लिटरचे दोन कॅन 6,900 रुपये, 'फिल्टरचे दगड' 1,800, कुरिअर 350, आणि मेलेले पाच डिस्कस, एक मासा 1,200 चा. झाले 15,050.

दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 860. डिस्कस अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, त्याला मऊ आणि 28 ते 30 अंशांचं कोमट पाणी लागतं. म्हणून दिवसाआड 200 लिटरच्या टाकीतलं 80 लिटर काढायचं आणि तीन कॅन आरओ, एक कॅन बोअर असं भरायचं. वर्षभर एक मासा मेला नाही. उन्हाळ्यात लाइनीच्या भानगडीनं आरओ प्लँट दोन-दोन दिवस बंद, त्यात माझी कंबर धरलेली. नेमका तेव्हाच हा कॅन विकणारा व्हॉट्सअॅपवर भेटला. "दादा, जिवंत बॅक्टेरिया आहे, सहा महिने पाणी बदलू नका. टीडीएसही उतरते. कमी झालं तर बोअरचं थेट टाका." पैसे आधी, बिल मागाहून. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मला झोप येऊ देत नाही ती एकच गोष्ट. कॅन उघडला, बोटं निळी झाली, साबणानं जाईनात. तो डाग मी ओळखत होतो! गोल्डफिशला बुरशी लागली तेव्हा मीच मिथिलीन ब्लू हे निळं औषध वापरलं होतं, आणि ते फिल्टरमधले कामाचे जिवाणूही मारतं. म्हणजे बॅक्टेरियाच्या नावानं बॅक्टेरियाचं विष. लॅबमध्ये तपासलं नाही, पण माझी खात्री आहे. बायको म्हणाली, "अहो, ही तं शाई दिसते." मी म्हटलं, "तुला काय समजते त्यातलं?" कॅनवर ना बॅच नंबर, ना पत्ता. अन् मी दुकानात रोज ओरडतो, भाऊ, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पाहा, पक्कं बिल घ्या!

पण पहिला आठवडा मासे खात होते, पाणी निळं पण काचेसारखं नितळ. कोणीही फसला असता. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो फिल्टरमधले जिवाणू संपवतात; जिवाणू मेले की तो साचतो, पण डोळ्याला दिसत नाही आणि टीडीएस मीटरही तो दाखवत नाही. मीटरवर विसंबू नका, अमोनिया तपासायचं किट घ्या. "किट म्हणजे फालतू खर्च, दादा," असं विकणाराच म्हणाला की फोन ठेवा. जिवाणू काही बोअरचे क्षार खाऊन टीडीएस उतरवत नाहीत, हेही तेव्हा आठवायला हवं होतं.

नवव्या दिवशी मासे काळे पडले, कोपऱ्यात उभे, वर येऊन तोंड उघडत होते. नागपूरहून मागवलेलं किट आलं तोवर तीन गेले होते. किटच्या नळीतलं पाणी गर्द हिरवं, म्हणजे अमोनिया भरपूर. बोअरच्या अल्कली पाण्यात, त्यात गरम, अमोनिया जास्तच जहाल होतो.

ठाण्यात गेलो. "खायचे होते का पाळायचे?" पहिला प्रश्न हा! मग म्हणे, माल मिळाला ना, मग फसवणूक कशी? जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, तिथं साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या खेपेला झेरॉक्स कमी. तिसऱ्या खेपेला, "मासे कुठं आहेत?" आता मेलेले मासे काय फ्रीजमध्ये ठेवू? पारिजातकाखाली पुरले होते. एसटीचं भाडं मी वर धरलेलंच नाही. ग्राहक तक्रार करायची तर हाताशी बिल नाही, ते 'मागाहून'. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या तासातच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. मी बारा दिवसांनी जागा झालो.

एक मासा वाचला. त्याच्यासाठी पुन्हा तीन कॅन आरओ, एक बोअर. कंबर दुखतेच आहे. टाकीच्या सांध्यांतलं सिलिकॉन मात्र निळं झालंय, ते घासून निघत नाही, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हे काऊन असं?"