नडगीत वारंवार पू: रिंग लावून पाय वाचवायचा, की गुडघ्याखाली काढायचा?

अपघातानंतर नडगीत रॉड टाकली, जखम भरली, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच जागेतून पू वाहू लागला. गोळ्या घेतल्या की थांबतो, सोडल्या की पुन्हा सुरू. आत मेलेल्या हाडाचा तुकडा असतो. त्याला रक्तपुरवठा नसल्याने औषध तिथवर पोचत नाही, आणि रॉडवर जंतू चिकट थर करून बसतात. म्हणून नुसत्या गोळ्यांवर दिवस काढणं हा मार्ग ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठीच.

आधी तपासण्या. पू येणाऱ्या छिद्रावरून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर (स्वॅब) भरवसा ठेवू नये, त्यात त्वचेवरचे जंतूही येतात. ऑपरेशनमध्ये हाडाचे पाचेक नमुने कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जायला हवेत; तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवतात. अनेक वर्षांच्या छिद्रात मांस वाढलं, रक्त किंवा वेगळा वास येऊ लागला, तर बायोप्सी टाळू नका, तिथे कॅन्सर होऊ शकतो. मधुमेह असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, हवीच.

पाय वाचवायचा तर रॉड आणि सगळं मेलेलं हाड काढावं लागतं. त्यात 6 सेंमी गेलं असं धरा. रिंग म्हणजे पायाभोवतीची धातूची चौकट, ती हाडातून आरपार घातलेल्या तारांनी धरलेली असते. ती लावून निरोगी हाडाला काप देतात आणि साधारण आठवड्याने सुटा झालेला तुकडा रिकाम्या जागेकडे सरकवायला लागतात, मागे नवीन हाड तयार होत जातं: रोज 1 मिमी, चार वेळा पाव-पाव. हे घरीच करायचं असतं. रिंगच्या आटेवाल्या सळईवर आट्यांचं अंतर 1 मिमी असेल तर नटाचा पाव फेरा म्हणजे पाव मिमी. फार घाईने फिरवलं तर नवीन हाड धरत नाही, रेंगाळलं तर आधीच जुळून बसतं. सरकायला दोन महिने, पण घट्ट व्हायला वेळ लागतो. एकूण 9 ते 12 महिने रिंग पायावर. तारांच्या तोंडाशी लाली आणि पू येणं नेहमीचंच. पाऊल खाली झुकून घोट्यात आखडतं, म्हणून पट्ट्याने वर ओढून ठेवावं लागतं. सरकवलेला तुकडा पलीकडच्या हाडाला भेटतो तिथे बरेचदा कमरेचं हाड भरावं लागतं. तंबाखू, विडी, मिश्री चालू असेल तर हाड जुळायला अडचण येते. ते सुटणार नसेल तर रिंगचा हट्ट न धरलेला बरा.

पाय काढणं वेळेच्या हिशेबात सोपं. टाके दोन-तीन आठवड्यांत निघतात, जखम नीट भरली तर दोन-तीन महिन्यांत पहिला कृत्रिम पाय. उरलेल्या पायाच्या टोकावर (स्टंप) क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधायचं, टोकाशी घट्ट आणि वर सैल, दिवसातून तीन-चार वेळा सोडून पुन्हा. गुडघ्याखाली उशी घेऊ नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाही. स्टंप वर्षभर आक्रसतो, म्हणून सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो भाग, बदलावं लागतं, आणि हा खर्च जन्माचा. नसलेल्या बोटांत कळा येतात, त्यावर औषधं आणि आरशासमोरचा व्यायाम आहे. जयपूर फूट या भारतीय बनावटीच्या कृत्रिम पायाने अनवाणी चालता येतं, मांडीही घालता येते. मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पाय बनवून मिळतात.

मात्र गुडघा राखायचा. गुडघ्याखाली पाय गेला तर चालायला साधारण पाव पट जास्त दम लागतो, गुडघ्यावर गेला तर त्याहून कितीतरी अधिक. संसर्ग वर सरकत असेल तर थांबण्याची किंमत हीच.

2002 साली अमेरिकेत 569 रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर पाय वाचवलेल्यांचं आणि पाय काढलेल्यांचं चालणं-फिरणं जवळपास सारखंच निघालं. त्या ताज्या जखमा होत्या, जुना संसर्ग नव्हे. तरी वाचवलेला पाय आपोआप सरस ठरत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

तळव्याला संवेदना असेल, घोटा हलत असेल, घरात हाताशी माणूस असेल आणि रिंगचा अनुभवी सर्जन गाठता येत असेल, तर आधी रिंग. तळवा बधिर, घोटा जाम, नीट सफाई होऊनही पुन्हा पू, आणि वर्षभर मजुरी बुडवणं अशक्य, तर पाय काढण्याचा पर्याय आमच्या मते जास्त शहाणपणाचा. थंडी वाजून ताप, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा लघवी कमी होणं दिसलं, तर हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.