मटण स्ट्रीटवरील युद्धकालीन वस्तूंचे दुकान: एक अभिप्राय

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील घरगुती व लष्करी वस्तू विकणाऱ्या एका लहानशा दुकानात मी गेली काही वर्षे नियमितपणे जात आहे. येथील खरी श्रीमंती नाण्यांच्या डब्यात आहे. धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून पाडलेला भोकाचा पैसा येथे मुबलक मिळतो. त्याच्या शेजारीच चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणल्यानंतरचा रुपया ठेवलेला असतो, आणि ही दोन नाणी तळहातावर एकत्र घेतली की युद्धाची झळ सामान्य माणसाच्या खिशापर्यंत कशी पोहोचली होती हे लख्ख कळते. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले; त्या काळातील, शाईने नोंदी केलेले एक रेशनकार्ड मला येथेच मिळाले आणि माझ्या संग्रहात ते मला सर्वांत प्रिय आहे.

लष्करी पिशव्या, पट्टे व पाण्याच्या बाटल्या ठीक आहेत. मात्र हवाई हल्ला संरक्षण दलाची म्हणून मला अस्सल सांगून विकलेली शिट्टी अलीकडची नक्कल निघाली, हे मला अजूनही खटकते. मालकांनी पैसे परत केले, तरीही ठसा, झीज आणि शिवण भिंगाखाली तपासल्याशिवाय येथे कोणतीही महाग वस्तू घेऊ नये. कागदपत्रे उघडी, दमट हवेत ठेवली जातात. त्यांना आम्लरहित पाकिटे तातडीने हवीत.