हेलिकॉप्टर पायलट कोर्स: सांगलीत आमचे पैसे कसे गेले, साताऱ्यातल्या पालकांसाठी

साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात सध्या 'हेलिकॉप्टर पायलट व्हा' असे फलक लागलेत आणि मोफत मार्गदर्शन शिबिर ठेवलंय, असा मेसेज एका मित्राने मला पाठवला. मजकूर वाचताच ओळखला. नाव वेगळं, फोन नंबर वेगळे, पण वाक्यं तीच. गेल्या वर्षी सांगलीत विश्रामबागेतल्या एका ऑफिसात माझ्या ताई-दाजींना हीच वाक्यं ऐकवली होती. ते ऑफिस आता बंद आहे. शिबिराला जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय.

माझा भाचा भिलवडीचा. 2019च्या महापुरात वरून घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं त्याने पाहिली आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाला. दाजींची द्राक्षबाग आहे. सोसायटीचं कर्ज आणि ताईचे दागिने मिळून त्यांनी साडेसहा लाख भरले, त्यातले दोन लाख रोख.

ही माणसं धडधडीत खोटं फार थोडं बोलतात. अर्धं खरं बोलतात आणि तेच जास्त घातक आहे.

पहिलं अर्धसत्य तासांचं. 'विमानाच्या कमर्शियल परवान्याला 200 तास लागतात, हेलिकॉप्टरला 150, म्हणजे हे स्वस्त.' तासांचे आकडे बरोबर आहेत. पण हेलिकॉप्टरचा एक तास छोट्या शिकाऊ विमानाच्या तासापेक्षा कितीतरी महाग पडतो, अगदी रॉबिन्सन आर-22सारख्या दोन सीटच्या मशीनवरसुद्धा. एकूण खर्च विमानापेक्षा वरच जातो. साडेसहा लाखांत तो कोर्स होणं शक्यच नव्हतं. 'उरलेले नोकरी लागल्यावर बँक कापून घेईल' हे ऐकून दाजी निर्धास्त झाले.

दुसरं परवान्याचं. करारावर फक्त 'हेलिकॉप्टर पायलट लायसन्स' एवढंच छापलेलं. कुठलं लायसन्स, ते नाही. खासगी परवाना, म्हणजे पीपीएल, 40 तासांवर मिळू शकतो, पण त्यावर पगार घेऊन उडता येत नाही. नोकरीसाठी सीएचपीएल, म्हणजे कमर्शियल परवानाच लागतो. भाच्याने हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'आधी एक हातात घे, दुसरं आपोआप होतं.' आपोआप काहीही होत नाही. 150 तास पुरे करायचे, डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, लेखी परीक्षा 70 टक्क्यांनी पास व्हायच्या, क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, काढायचं, रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना वेगळा. परदेशी परवाना आणला तरी इथल्या परीक्षा आणि मेडिकल चुकत नाही.

ऑफिसात एक खुर्ची, तीन स्क्रीन आणि जॉयस्टिक होती. तिला ते सिम्युलेटर म्हणायचे आणि त्यावर बसवून पोरांच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत, तास लिहायचे. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. मान्यता नसलेल्या अशा यंत्रावरचे तास परवान्याला धरले जात नाहीत, आणि लॉगबुकात खोटी नोंद सापडली तर पोराचंच करिअर अडचणीत येतं. पैसे गेले ते गेले, पण ही माणसं अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या हातून खोटी कागदपत्रं तयार करून घेत होती.

मेडिकलचंही तसंच. ओळखीच्या एका डॉक्टरचं साधं फिटनेस सर्टिफिकेट फाइलला लावलं. खरं तर आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू आणि मग क्लास वन करावं लागतं. डोळ्यांत रंगदोष निघाला किंवा कानाचं काही निघालं, तर तिथेच थांबावं लागू शकतं. म्हणून मेडिकल सगळ्यात आधी, पैसे नंतर. या ऑफिसात क्रम बरोबर उलटा होता, कारण अनफिट ठरलेला मुलगा पैसे भरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बिंग फुटलं ते व्हिसावरून. उड्डाण अमेरिकेत शिकवणार होते. तिकडच्या फ्लाइंग स्कूलला जायचं तर विद्यार्थी व्हिसा लागतो, साधारणपणे एम-1, आणि त्यासाठी त्या शाळेने आय-20 नावाचा फॉर्म द्यावा लागतो. भाच्याने आय-20 मागितला तर म्हणाले, 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बघू.' टुरिस्ट व्हिसावर परवान्याचं प्रशिक्षण घेता येत नाही. त्यांनी नाव सांगितलेल्या अमेरिकन शाळेला मी थेट ईमेल केला. उत्तर आलं की सांगलीतल्या अशा कुठल्याही ऑफिसला ते ओळखत नाहीत. ते उत्तर दाखवायला गेलो तर शटर खाली आणि फोन बंद.

नोकरीबद्दलही बोलायला हवं, कारण शिबिरात सगळ्यात जास्त टाळ्या तिथेच पडतात. 'केदारनाथला पायलट कमी आहेत, घेतात लगेच.' डोंगराळ भागातल्या उड्डाणाला त्याच प्रकारचा अनुभव लागतो, नुकते 150 तास झालेल्याला तिथे कुणी बसवत नाही. आपल्याकडच्या कंपन्यांत सैन्यदलातून निवृत्त झालेले, हजारो तासांचे पायलट मोठ्या संख्येने आहेत. शिवाय हेलिकॉप्टरचा प्रत्येक प्रकार परवान्यावर वेगळा चढवावा लागतो. आर-22वर शिकलेला मुलगा बेल 407 उडवू शकत नाही, त्याचं रेटिंग निराळं आणि खर्चही निराळा. मुलाला स्वप्न बघू नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण हा हिशेब पहिल्या दिवशी कळण्याचा त्याला हक्क आहे.

'डीजीसीए अप्रूव्हड' हे शब्द फलकावर कुणीही छापतं. मान्यताप्राप्त उड्डाण संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे, ती स्वतः उघडून बघा. हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्था देशात अगदी मोजक्या आहेत. एचएएलची, म्हणजे सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, बंगळुरूतली रोटरी विंग अकादमी त्यांपैकी जुनी. त्यांना थेट फोन करून फी विचारा, मधल्या माणसाची गरज नाही. डीजीसीएच्या परीक्षांना लागणाऱ्या कॉम्प्युटर नंबरसाठी अर्जही विद्यार्थी स्वतः करू शकतो. पैसे भरायचेच तर संस्थेच्या खात्यात, टप्प्याटप्प्याने, आणि जेवढे तास उडवले त्याच्या हिशेबात. न उडवलेल्या तासांचे पैसे कसे परत मिळणार, हे करारात लिहून घ्या.

भाच्याने पुढे स्वतःच क्लास टू मेडिकल केलं, फिट निघाला. आता तो घरीच हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशनचा अभ्यास करतोय.

आम्ही सांगलीत पोलिसांकडे तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. त्याच ऑफिसात पैसे भरलेली आणखी घरं तासगाव, पलूस आणि कराडकडे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे, पण बरेच जण लाजेने गप्प आहेत. त्यांनी कृपा करून पुढे यावं. करार, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, लॉगबुकाची पानं, यातलं काहीही डिलीट करू नका, फाडू नका. रोख दिले असतील तर तेव्हा सोबत कोण होतं ते लिहून ठेवा. ऑनलाइन पैसे आत्ताच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, मग पोलीस ठाण्यात जा.

शिबिराचा मेसेज आणि फलकाचे फोटो मी तपास अधिकाऱ्यांना पाठवले आहेत.