लुडबुड्या कप्तानाचे घर : ‘द घोस्ट अँड मिसेस म्यूर’ काही महिन्यांच्या सहवासानंतर

एखादा जुना विनोदी चित्रपट एकदा पाहून त्याच्याविषयी बोलणे सोपे असते. तो घरात आणून ठेवला आणि वारंवार लावू लागलो की त्यातले काय झिजते आणि काय टिकते ते हळूहळू कळू लागते. १९४७ सालच्या ‘द घोस्ट अँड मिसेस म्यूर’ या कृष्णधवल चित्रपटाची ब्लू-रे मी गेल्या पावसाळ्यात घेतली. तेव्हापासून तो कधी सलग, कधी एखाद्याच प्रसंगापुरता, कधी एकट्याने तर कधी घरच्यांसोबत पाहत आलो आहे. घरमालकिणीच्या प्रेमात लुडबुड करणाऱ्या भल्या भुताची गंमत, एवढ्याच अपेक्षेने तो घेतला होता. त्यातली गंमत आता थोडी विरली आहे, पण लुडबुडीविषयी हा चित्रपट जे सांगतो ते मात्र दर वेळी अधिक बोचरे वाटत गेले आहे. पुढे शेवटासकट सर्व कथा आली आहे, तेव्हा ज्यांना ती आधी कळू द्यायची नसेल त्यांनी चित्रपट पाहूनच हे वाचावे.

कथा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधली आहे. नवऱ्याच्या निधनानंतर वर्षभर सासू आणि नणंद यांच्या घरात गुदमरलेली ल्यूसी म्यूर आपली लहान मुलगी अ‍ॅना आणि घरकाम करणारी मार्था यांना घेऊन समुद्रकाठच्या गावी स्वतंत्र बिऱ्हाड करते. तिला ‘गल कॉटेज’ हे घर आवडते. त्याचे भाडे संशय यावा इतके कमी आहे आणि घरांचा दलाल कूम्ब ते दाखवायलाच तयार नसतो. रिकाम्या घरात हास्याचा गडगडाट ऐकू येतो, दोघेही पळत बाहेर येतात आणि गाडीत बसल्यावर धाप लागलेली ल्यूसी हेच घर हवे म्हणून हटून बसते. जीन टिअर्नी या अभिनेत्रीने हा हट्ट फार शांतपणे रंगवला आहे. तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा उत्सुकता जास्त दिसते आणि ही बाई पुढे काय करील याचा अंदाज तिथेच येतो.

घराचा मूळ मालक कप्तान डॅनियल ग्रेग हा तोंडाळ, दाढीधारी दर्यावर्दी आहे. त्याने आत्महत्या केली असे गाव समजते. प्रत्यक्षात झोपेत त्याचा पाय लागून गॅसची शेगडी सुरू झालेली असते आणि आपल्याविषयीच्या त्या गैरसमजाचा त्याला मरणापेक्षा अधिक राग आहे. आपल्याकडच्या गोष्टींतला समंध जसा वाड्यावरचा हक्क सोडत नाही, तसाच हाही घर सोडायला तयार नाही. त्याला ते वृद्ध खलाशांसाठी राखून ठेवायचे होते. तरीही तो ल्यूसीला राहू देतो आणि त्यासाठी दोघांत रीतसर वाटाघाटी होतात. त्याने स्वतःला तिच्यापुरतेच प्रकट करायचे, लहानग्या अ‍ॅनाच्या वाटेला जायचे नाही. तिने त्याचे तैलचित्र निजायच्या खोलीत लावायचे, कारण ती खोली त्याची आहे आणि नेमकी तीच तिलाही हवी आहे. एका विधवेच्या शयनगृहात एक परपुरुष रात्री गप्पा मारत बसतो, ही गोष्ट त्या काळच्या हॉलिवूडच्या कडक नियमावलीतून सुटली ती त्या पुरुषाला शरीर नाही एवढ्याच सबबीवर. चित्रपट या सबबीची थट्टा करतो आणि तिचा भरपूर लाभही घेतो. ही वाटाघाटींची दृश्ये मी सर्वांत जास्त वेळा लावली आहेत. घर कोणाचे, झाड कोणाचे, खोली कोणाची, या रोजच्या कुरबुरींतून दोन माणसे एकमेकांना ओळखू लागतात. कप्तानाने हौसेने लावलेले झाड ल्यूसी बिनदिक्कत तोडायला लावते आणि तिथे गुलाब लावते. त्यावरून तो जो काही संतापतो, त्यात प्रेमाची पहिली चाहूल आहे.

घाबरवण्याचे विनोद मात्र लवकर शिळे होतात. विझणाऱ्या मेणबत्त्या, आपोआप उघडणाऱ्या खिडक्या, अदृश्य हातांनी दाराबाहेर ढकलली जाणारी माणसे, हे सर्व पहिल्यांदा मजेचे वाटते. नंतर आपण त्याची वाट पाहतो आणि ते आले की पुढे सरकायची घाई होते. याला अपवाद सासू आणि नणंद ल्यूसीला परत न्यायला येतात त्या प्रसंगाचा. कप्तानाचे बोलणे फक्त ल्यूसीला ऐकू येते. तिने त्याला दिलेली उत्तरे पाहुण्या स्वतःलाच दिलेली समजतात आणि उभ्या आयुष्यात जे बोलण्याचे धाडस तिला झाले नसते ते तिच्या तोंडून बाहेर पडते. आमच्या घरात हा प्रसंग लागला की स्वयंपाकघरातून माणसे येऊन उभी राहतात, विशेषतः ज्यांना इंग्रजी संवाद भाषांतर करून सांगावे लागतात अशी वडीलधारी मंडळी. सासूला कोण काय बोलले हे समजायला भाषांतराची गरज पडत नाही.

याच प्रसंगाच्या आगेमागे कथेतला पैशाचा धागा आहे आणि माझ्या मते चित्रपटाची खरी ताकद तिथे आहे. दिवंगत नवऱ्याने ठेवलेल्या गुंतवणुकीचे उत्पन्न आटते आणि परतीशिवाय मार्ग उरत नाही. तेव्हा कप्तान आपल्या खलाशी आयुष्याच्या शिवराळ आठवणी तिला सांगतो आणि ती टंकलेखन यंत्रावर उतरवून घेते. एका शब्दापाशी तिची बोटे अडतात. तो शब्द आपल्याला ऐकवला जात नाही, फक्त तिचा चेहरा दिसतो. पुस्तक खपते आणि त्या मिळकतीवर घर तिचे होते. म्हणजे या प्रेमकथेतले सर्वांत मोठे साहाय्य भाडेकरूला घरमालकीण करण्याचे आहे, आणि ते करणारा स्वतः त्या घराचा आधीचा मालक आहे. पुस्तकावर ल्यूसीचे नाव येत नाही, बाईने असले काही लिहिले हे कोणी मानलेही नसते. ज्या कादंबरीवर चित्रपट आधारलेला आहे ती १९४५ साली आर. ए. डिक या नावाने प्रसिद्ध झाली आणि त्या पुरुषी वाटणाऱ्या नावामागे जोसेफिन लेस्ली ही लेखिका होती, हे समजल्यावर टंकलेखनाची दृश्ये मला निराळीच दिसू लागली.

लंडनला प्रकाशकाकडे गेलेली ल्यूसी तिथे माइल्स फेअरली याला भेटते. मुलांसाठी ‘अंकल नेडी’ या नावाने पुस्तके लिहिणारा हा देखणा, गुळगुळीत बोलणारा गृहस्थ जॉर्ज सँडर्सने असा उभा केला आहे की त्याचा खोटेपणा कळूनही त्याचे बोलणे ऐकावेसे वाटते. कप्तानाला तो पहिल्या भेटीपासून खटकतो आणि तो ते लपवत नाही. इथपर्यंत कप्तानाची लुडबुड अगदी जगजाहीर आहे: तो टोमणे मारतो, चिडतो, धमकावतो. मत्सर करणारे भूत हा विनोदाचा हक्काचा माल आहे आणि सामान्य चित्रपटाने त्याच्याकडून माइल्सची फजिती करवून घेतली असती.

इथे कथा वेगळे वळण घेते. आपल्याला शरीर नाही, आपण या बाईला काहीही देऊ शकत नाही, तिने जिवंत माणसांत जगले पाहिजे, असे मनाशी ठरवून कप्तान निघून जातो. जाताना तो झोपलेल्या ल्यूसीला सांगतो की हे सर्व तुझे स्वप्न होते, पुस्तकही तूच लिहिलेस. मग आपण दोघांनी मिळून काय काय पाहिले असते याची यादी तो तिच्या उशाशी उभा राहून म्हणतो: उत्तरेकडचे फ्योर्ड (डोंगरकड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या), मध्यरात्रीचा सूर्य, बार्बाडोसजवळचा समुद्र. कप्तान झालेला रेक्स हॅरिसन एरवी सर्व संवाद तोफ डागावी तसे बोलतो. इथे त्याचा आवाज पूर्ण खाली येतो. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग त्यागाचा वाटतो आणि डोळे भरून येतात. पुढे पुढे मला त्यातली अडचण दिसू लागली. ल्यूसीचे भले कशात आहे हे त्याने एकट्याने ठरवले, तिला जागे करून विचारले नाही, आणि वर तिच्या आठवणीवरही हात फिरवला. आधीच्या सर्व ढवळाढवळीपेक्षा ही मोठी ढवळाढवळ आहे, कारण आधी तिला उलट उत्तर देता येत होते. शिवाय त्याने ती केली ती नेमकी अशा वेळी की माइल्सविषयी सावध करणारे घरात कोणी उरले नाही. काही दिवसांनी ल्यूसी न कळवता माइल्सच्या लंडनमधल्या घरी जाते आणि तिथे तिला त्याची पत्नी भेटते. त्या पत्नीच्या वागण्यातून कळते की अशी पाहुणी दारात येण्याचा हा पहिलाच प्रसंग नाही. हे दृश्य लहान आहे, कोणी आवाज चढवत नाही आणि त्यामुळेच ते फार लागते.

दिग्दर्शक जोसेफ मँकिविझ आणि पटकथाकार फिलिप डन यांना ही अडचण दिसत होती की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. मला वाटते, दिसत होती. तसे नसते तर यानंतरची अनेक वर्षे त्यांनी एवढ्या कोरडेपणाने दाखवली नसती. ल्यूसी पुन्हा लग्न करत नाही, दुःखाने खंगतही नाही. ती किनाऱ्यावर फिरते, मार्थाशी भांडते, म्हातारी होते. लाटांच्या माऱ्याने झिजत जाणारा, अ‍ॅनाचे नाव कोरलेला लाकडी खांब मधून मधून दिसतो आणि त्यातून काळ सरकलेला कळतो. मोठी झालेली अ‍ॅना एकदा आपल्या नियोजित वराला घेऊन येते आणि सहज बोलता बोलता सांगते की लहानपणी कप्तान तिच्याशीही गप्पा मारत असे. म्हणजे मुलीच्या वाटेला न जाण्याचे वचन त्याने पाळलेच नव्हते! त्याच्या या एका लबाडीमुळे इतक्या वर्षांनी ल्यूसीला कोणी तरी सांगते की ते निव्वळ स्वप्न नसावे. छोट्या अ‍ॅनाच्या भूमिकेत नताली वुड आहे. तिला काम थोडेच आहे, पण या खुलाशानंतर चित्रपट पुन्हा पाहिला की तिच्या प्रत्येक दृश्यात आपण कप्तानाच्या खुणा शोधू लागतो. शेवटी वृद्ध ल्यूसी खुर्चीतच डोळे मिटते आणि कप्तान तिला न्यायला येतो. हा शेवट सुखाचा आहे की उशिराचा, याचे उत्तर मला दर वेळी निराळे मिळाले आहे.

तांत्रिक बाजूविषयी थोडे. या चित्रपटात भुताला धूसर किंवा पारदर्शक करण्याचा मोह जवळजवळ टाळला आहे. कप्तान इतर पात्रांइतकाच भरीव दिसतो. त्याचे भूतपण चार्ल्स लँग यांच्या छायाचित्रणातल्या सावल्यांनी सांभाळले आहे आणि त्या कामासाठी लँग यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्यामुळे चित्रपट दिवसाउजेडी, पडदे उघडे ठेवून पाहू नये. पहिल्या भेटीचे अंधाऱ्या स्वयंपाकघरातले दृश्य त्यात पार धुऊन जाते. बर्नार्ड हरमन यांचे संगीत मात्र कुठेही ऐकावे. त्यात समुद्राची भरती-ओहोटी सतत चालू असते आणि विनोदी प्रसंगांतही ते हसत नाही. चित्रपट विनोदी आहे हे संगीतकाराला कोणी सांगितलेच नव्हते की काय, अशी शंका येते. एकूण १०४ मिनिटांत पहिली वीस-पंचवीस मिनिटे आजच्या प्रेक्षकाला संथ वाटतील. आमच्याकडे तरुण मंडळी नेमकी तिथेच उठून गेली आणि सासूच्या प्रसंगाला परत आली.

चकती परदेशातून मागवायची असेल तर आपला प्लेअर त्या देशाच्या विभागासाठी (रीजन) काढलेली चकती चालवतो का, हे आधी पाहून घ्यावे. इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत, कारण कप्तानाची जहाजी भाषा कानांना सरावायला वेळ लागतो. मराठी उपशीर्षके माझ्या चकतीत नाहीत, तेव्हा इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकांना शेजारी बसून समजावून सांगणारे कोणी तरी हवे.

याच कथेवर १९६८ ते १९७० या काळात अमेरिकेत पन्नास भागांची दूरचित्रवाणी मालिका झाली. तिच्यात होप लँग आणि एडवर्ड म्युलहेअर यांच्या भूमिका होत्या आणि लँग यांना त्यासाठी दोनदा एमी पुरस्कार मिळाला. मालिका अमेरिकेतल्या एका किनाऱ्यावर आणि तेव्हाच्या वर्तमानकाळात घडते, खळखळून हसवते आणि मुलांबरोबर बसून पाहण्याजोगी आहे. ज्यांना निव्वळ प्रेमळ, लुडबुड्या भुताची मौज हवी आहे त्यांनी खुशाल तिच्यापासून सुरुवात करावी. तिथल्या कप्तानाला निघून जाण्याची घाई नाही, दर आठवड्याला नवा घोटाळा करण्यासाठी तो घरातच थांबतो.