पंखे बंद करून पाहिलेला ‘कुंकू’: बेळगावातील जुन्या मराठी चित्रपटांच्या मासिक खेळाविषयी

गेले दीड वर्ष मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी टिळकवाडीतील एका छोट्या सभागृहात जाऊन बसतो. तेथे एक जुना मराठी चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवला जातो आणि त्यानंतर तासभर त्याच चित्रपटावर चर्चा होते. हा उपक्रम चालवणारे चार-पाच जण आपापली नोकरी किंवा दुकान सांभाळून हे काम करतात आणि त्यांना नावाची हौस नाही, म्हणून त्यांची नावे येथे देत नाही. महिन्याची वर्गणी शंभर रुपये आहे व मध्यंतरातला चहा त्यातच येतो. एवढ्या पैशांत काय मिळते आणि कोठे कमी पडते, हे सभासद म्हणून लिहावेसे वाटले, कारण घरी मोबाइलवर हेच चित्रपट फुकट दिसत असताना तेथे कशाला जायचे, असे मला अनेकांनी विचारले आहे.

या प्रश्नाचे उत्तर मला मे महिन्यातल्या ‘कुंकू’च्या खेळाला मिळाले. व्ही. शांताराम यांचा हा 1937 सालचा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेला आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, एवढीच त्याची गोष्ट. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे संगीत कानावर पडते ते त्या त्या प्रसंगातूनच आलेले असते. खेळ सुरू होण्यापूर्वी आयोजकांनी ही एकच गोष्ट सांगितली आणि सभागृहातले सगळे पंखे बंद केले. वळवाच्या आधीचा उकाडा होता, माझ्या शेजारच्या आजी पदराने वारा घेत होत्या, आणि तरीही पंखे लावा असे कोणी म्हणाले नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांतच सर्वांना कळून चुकले होते की हा चित्रपट कानांनी पाहायचा आहे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक त्या घरात एखाद्या माणसासारखी वावरते. ‘कुंकू’ मी यापूर्वी तीन वेळा पाहिला होता. ती टिकटिक मात्र मी त्या रात्री प्रथमच ऐकली.

चर्चेची त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. चित्रपट संपल्यावर कोणी भाषण करत नाही. ज्याला जो प्रसंग पुन्हा पाहायचा असेल त्याने तो सांगायचा, आयोजक तेवढाच तुकडा पुन्हा लावतात आणि मग त्यावरच बोलायचे, असा तेथला शिरस्ता आहे. त्या दिवशी मागच्या रांगेतून एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, “सर, ते मिशांना कलप लावतात ते परत एकदा लावा की.” तो प्रसंग आम्ही दोनदा पाहिला. पहिल्यांदा आरशासमोरच्या काकासाहेबांना सगळे हसले. दुसऱ्यांदा कोणी हसले नाही, कारण केशवराव दाते यांचा चेहरा आता नीट दिसत होता आणि त्यात बढाईपेक्षा भीती जास्त होती. त्यानंतर चर्चा आपोआपच खोल गेली. काकासाहेब दुष्ट आहेत की दुबळे, त्यांच्या मृत्यूने नीराला खरोखर मोकळीक मिळते का, की दिग्दर्शकाने तिचे उत्तर तिच्या हातून काढून घेतले आहे, यावर अर्धा तास लोक बोलत होते. शांता आपटे यांनी उभ्या केलेल्या नीरेच्या बाजूने सर्वांत ठामपणे बोलल्या त्या पंखा न मागणाऱ्या आजीच. “मरून सुटका दिली म्हणजे काय मोठं केलं?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर कोणाला चटकन उत्तर सुचले नाही. माझ्या मते चित्रपटाचा शेवट दुबळाच आहे, पण त्या दुबळेपणामुळेच आज 85 वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही त्यावर भांडता येते.

सगळेच खेळ असे उत्तम झाले, असे मात्र नाही. गेल्या वर्षी आषाढात ‘संत तुकाराम’ लावला होता आणि मी माझ्या दहा वर्षांच्या नातवाला मुद्दाम बरोबर नेले होते. पडद्यावर विष्णुपंत पागनीस आले आणि नातू म्हणाला, “आजोबा, तुकाराम महाराज एवढे जाड होते?” चूक प्रक्षेपणाची होती. त्या काळातील चित्रचौकट साधारण चारास तीन या प्रमाणाची असते, आणि आजचे पडदे व प्रक्षेपक सोळास नऊ या प्रमाणाचे असतात. जुने चित्र ओढून पडदा भरला की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी ज्या देहूत साधेपणा ओतला, त्या देहूतली माणसे अशी फुगवून दाखवणे मला सहन झाले नाही. मध्यंतरात मी जाऊन सांगितले, तर उत्तर आले की काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक चित्र कापले गेल्याची तक्रार करतात. उत्तरार्ध तसाच पाहावा लागला आणि त्या दिवशी मी नाराज होऊन घरी गेलो.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या मांजरपाटाचे दोन उभे पडदे दोरीवर लावलेले होते. आयोजकांपैकी एकाने ते वडगावातल्या शिंप्याकडून शिवून आणले होते. चित्र जेवढे रुंद असेल तेवढेच उघडे ठेवायचे आणि बाकीचा भाग कापडाने झाकायचा, एवढीच ती युक्ती आहे, पण तिच्यामुळे काळ्या पट्ट्यांची तक्रार थांबली आणि चेहरेही जागेवर आले. सभासदांनी मागणी केल्यावर ‘संत तुकाराम’ दुसऱ्यांदा दाखवण्यात आला. या वेळी नातवाचे लक्ष पागनीसांपेक्षा जिजाईकडे होते. मूल तापाने फणफणत असताना ती वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते, तो प्रसंग त्याने चर्चेत स्वतः मागून घेतला. गौरी या नटीने जिजाई अशी उभी केली आहे की भक्तीच्या चित्रपटात संसाराची बाजू एका क्षणालाही खाली पडत नाही. माझ्या मते या चित्रपटाचे थोरपण चमत्कारांत नसून याच तोलात आहे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तो परक्या देशातील लोकांना विठ्ठल ठाऊक होता म्हणून खास नव्हे. रिकाम्या डब्यांची चिंता करणारी बायको त्यांना ओळखीची वाटली असणार.

त्याच चर्चेत केवळ आपल्या भागातच घडावी अशी एक गोष्ट घडली. आमच्याबरोबर नियमित येणाऱ्या एक कन्नडभाषक बाई बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि त्यांना मराठी उत्तम समजते. 1963 साली कन्नडमध्ये राजकुमार यांनी तुकारामांची भूमिका केली होती, हे त्यांनी सांगितले, आणि लहानपणी आपण प्रथम तोच तुकाराम पाहिला, म्हणून पागनीस आपल्याला बराच वेळ परके वाटले, असेही त्या मोकळेपणाने म्हणाल्या. नंतर फरक सांगताना त्या म्हणाल्या की राजकुमार गातात तेव्हा आपण गाणे ऐकतो, पागनीस गातात तेव्हा आपण माणूस ऐकतो. दोन्ही भाषा घरात ऐकत वाढलेल्या प्रेक्षकालाच सुचावे असे हे निरीक्षण आहे. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले गीत आहे, हे कळल्यावर सभागृहातील निम्मे लोक चकित झाले. एका वारकरी गृहस्थांना ते अखेरपर्यंत पटले नाही.

‘सामना’च्या वेळी निपाणी आणि संकेश्वरकडची तरुण मुले गाडी करून आली होती. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या त्या मुलांना हिंदुराव धोंडे पाटील हा चित्रपटातला साखरसम्राट समजावून सांगण्याची गरज नव्हती. डॉ. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, यापेक्षा हिंदुराव झालेले निळू फुले मास्तर झालेल्या श्रीराम लागूंशी किती हळू आवाजात बोलतात, याकडे त्यांचे लक्ष अधिक होते. ‘श्यामची आई’ मात्र चर्चेसाठी फारसा लाभला नाही. सगळ्यांचे डोळे पाणावले होते आणि बोलणे आपापल्या आईच्या आठवणींतच राहिले. आठवणींना माझा विरोध नाही, पण ‘हा मी अमुक थिएटरला इतक्या आण्यांत पाहिला’ असे एकाने सुरू केले की पाठोपाठ दहा जण तेच सांगतात आणि चित्रपट बाजूला पडतो. अशा वेळी आयोजकांनी भिडस्तपणा सोडून तुकडा पुन्हा लावावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ (1953) पाहताना आठवणीला मात्र तिची योग्य जागा मिळाली. पु. लं.नी काही काळ येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवले होते, आणि आमचे सभागृह त्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चर्चेत ‘इंद्रायणी काठी’ पुन्हा लावले गेले. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची आणि आवाज गदगचे भीमसेन जोशी यांचा. ते गाणे चालू असताना चहाचे पेले गोळा करणारा मुलगा दारातच उभा राहिला आणि गाणे संपेपर्यंत हलला नाही.

उणिवा आणखी दोन आहेत. मिळणाऱ्या प्रतींचा दर्जा एकसारखा नसतो. एका खेळाला चित्रावर कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह होते आणि मधला एक प्रसंगच गायब होता, पण हे आधी सांगितले गेले नाही. प्रत अपुरी असेल तर तसे सूचनाफलकावर लिहावे. लोक तरीही येतील. दुसरी गोष्ट म्हणजे सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद व उभा आहे. ज्यांनी हे चित्रपट पहिल्यांदा पाहिले त्या पिढीलाच तो चढवत नाही. खाली जागा मिळेपर्यंत निदान जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि एक चांगला दिवा हवा.

ज्यांना नुसती करमणूक हवी आहे त्यांना येथली शांतता कदाचित जड जाईल, आणि आठनंतर खानापूर किंवा येळ्ळूरकडे परतणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण चर्चा ठरलेल्या वेळेत क्वचितच संपते. ज्यांच्या घरात जुन्या चित्रपटांवर बोलायला कोणी उरले नाही, त्यांनी मात्र एकदा तरी यावे. येत्या दुसऱ्या शनिवारी ‘माणूस’ आहे, 1939 सालचा. त्यात शाहू मोडक यांच्यासमोर मैना म्हणून उभ्या राहिलेल्या शांता हुबळीकर आपल्या हुबळीकडच्या, आणि त्यांच्या ‘कशाला उद्याची बात’ या गाण्यात अनेक भाषांतील तुकडे येतात. बँकेतल्या त्या बाईंनी ते गाणे दोनदा लावायचे असे आयोजकांकडून आत्ताच कबूल करून घेतले आहे, आणि मी नातवासाठी पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची सांगून ठेवली आहे.