होडी की धक्का? मुलाबाळांसह तलावावर गळ टाकायला जाताना

तलाव ठरला, तारखा ठरल्या, सगळ्यांच्या रजा जुळल्या, की गाडी हमखास एका प्रश्नावर अडते: राहायला आतल्या बाजूचं घर घेऊन होडी भाड्याने घ्यायची, की होडीचा नाद सोडून पाण्यात शिरलेला लाकडी धक्का असलेलं काठावरचं घर बघायचं? दोन्ही जमत असेल तर प्रश्नच मिटला. पण बहुतेकांना एकासाठी दुसरं सोडावं लागतं. आम्ही दोन्ही करून बघितलंय. मी काही पट्टीचा मासेमार नव्हे. घरात दोन मुलं, हौशी सासरे आणि गळाशिवाय दुसरं काही न सुचणारा मेहुणा, एवढाच माझा अनुभव.

मेहुण्याची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. उन्हाळ्यात खोल तलावाच्या पाण्याचे थर पडतात. वर कोमट पाणी, तळाशी गार, आणि मधे तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा. ऊन चढलं की बरेच मोठे मासे काठ सोडून खोलाकडे सरकतात. अगदी तळाशी जात नाहीत, कारण उन्हाळा सरता सरता तिथला प्राणवायू कमी पडायला लागतो. म्हणजे मासा असतो मधल्या पाण्यात, काठापासून लांब, आणि धक्क्यावरून कितीही जोर लावून फेकलं तरी गळ तिथवर पोचत नाही. होडी पोचते. भर दुपारी गळाचा दांडा वाकवणारा मोठा मासा हवा असेल तर होडीला तोड नाही, याबद्दल माझा मेहुण्याशी वाद नाही.

वाद आहे तो मुलांना काय हवं असतं यावर. आमच्या मुलांना मासा केवढा आहे याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना गळाच्या धाग्यावर तरंगणारं, मासा लागला की खाली जाणारं बूच बुडायला हवं होतं, आणि ते सारखं सारखं बुडायला हवं होतं. तळहाताएवढे मासे उथळ पाण्यातच सापडतात. तळापर्यंत उजेड पोचतो तिथे पाणवनस्पती वाढतात, त्यांत किडे असतात आणि लपायला जागा असते. त्यातून धक्क्याखालची सावली ही माशांची आवडती जागा. तिथे फेकण्याचं कौशल्य लागतच नाही. आठ किंवा दहा नंबरचा लहान गळ, गांडुळाचा नखाएवढा तुकडा, आणि खांबाला लागून सरळ खाली सोडायचं. आमच्या धाकट्याने पहिला मासा असाच काढला. फेकायचं कसं हे त्याला तोवर कोणी दाखवलंही नव्हतं.

गप्प बसण्याबद्दल एक सांगतो. ‘बोलू नका, मासे पळतील’ हे वाक्य मुलांनी इतकं ऐकलेलं असतं की त्यांना मासेमारी म्हणजे शिक्षा वाटायला लागते. खरं तर हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परत फिरतो, खाली फारच थोडा उतरतो. माशांना कळतात ते हादरे. पत्र्याच्या होडीच्या तळावर टाच आपटली, डबा पडला, वल्हं कडेला लागलं, की तो आवाज थेट पाण्यात शिरतो आणि हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने पसरतो. म्हणून होडीत मुलांना खरोखरच हातपाय बांधून बसावं लागतं. धक्क्यावर पळापळ केली तर खांबांतूनही हादरे जातातच, नाही असं नाही. पण थोड्या वेळाने मासे परत सावलीला आलेले आम्हाला वरूनच दिसायचे. होडीखाली काय व्हायचं ते दिसतच नव्हतं, त्यामुळे ही तुलना थोडी धक्क्याच्या बाजूने झुकलेली आहे हे कबूल.

माझा निर्णय मात्र यातल्या कशाने झाला नाही. तो झाला नांगराने.

नांगर धरून राहावा म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडावा लागतो. पाचपट, सातपट असं सांगतात. आखूड सोडला तर नांगर तळावर ओढला जातो. आणि लांब सोडला की वाऱ्याबरोबर होडी दाव्याला बांधलेल्या वासरासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते. एकट्या माणसाला याचं काही वाटत नाही. पण एकाच होडीत चार दांडे असले की बघा. डावीकडे सोडलेलं बूच होडी फिरल्यावर तळाखाली जातं, उजवीकडच्या तंगुसाला, म्हणजे गळाच्या धाग्याला, गाठतं, आणि दोन्ही मिळून नांगराच्या दोराला वेढा घालतात. आपल्या हाताला ओढ जाणवते. थोरली ओरडते, ‘लागला, लागला!’ आणि वर येतो धाकट्याचा गळ. बरं, गुंता सोडवायला उठून उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एका बाजूला वाकायचं नाही. मग दांडे हातोहात मागे द्यायचे, मांडीवर घ्यायचे, ओल्या बोटांनी तो केसाएवढा धागा चाचपायचा आणि शेवटी कात्रीने कापून टाकायचा. नवा गळ बांधून होईतो वारा फिरलेला असतो.

पुढून आणि मागून असे दोन नांगर टाकले की होडी झुलत नाही, हे मलाही कळतं. पण आम्हाला मिळालेल्या होड्यांत नांगर एकच असायचा. आणि दोन टाकले तरी वारा आडवा आला की लाटा कुशीवर आपटतात, मग मुलं घाबरतात. नुसता मागच्या बाजूने नांगर टाकणं तर लहान होडीत धोक्याचंच, कारण तिकडून पाणी आत येऊ शकतं. होडीतल्या वेळाचा मोठा भाग मी आणि बायकोने गुंते सोडवण्यात घालवला. आमच्या स्वतःच्या हातात दांडा क्वचितच आला. धक्का जागचा हलत नाही. चौघांना चार खांब वाटून दिले की झालं. गुंते तिथेही होतात, पण तेव्हा माणूस निदान उभा राहू शकतो.

धक्क्याचे तोटेही आहेत. दुपारी तिथे सामसूम असते. पाणवनस्पती माजलेल्या असतील तर गळ सारखा अडकतो. संध्याकाळी डास छळतात. शिवाय वारा ज्या काठावर येऊन थडकतो तिथे तरंगतं खाद्य साचतं आणि मागोमाग मासे येतात. म्हणजे धक्का सोयीच्या, वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या काठावर असला तर मासे समोरच्या काठाला, असंही होतं. होडीवाला तिकडे जाऊ शकतो, धक्केवाल्याने बघत बसायचं.

जीवरक्षक जाकीट दोन्हीकडे लागतं. धक्का आहे म्हणून मुलांचं काढून ठेवू नका. जाकिटाचे खांदे धरून वर ओढल्यावर ते हनुवटीवर, कानांवर सरकत असेल तर ते मुलाच्या मापाचं नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवावा. बोटात गळ घुसला तर तो सहज निघतो, आणि लहान मासा जिवंत सोडणंही सोपं जातं. हे होडीत घडलं तर आधी सगळा पसारा आवरून काठ गाठावा लागतो, एवढा फरक. परवाना, किती मासे ठेवायचे, जिवंत आमिष चालतं का, हे नियम तलावागणिक बदलतात, ते आधी बघून घ्या.

सध्या आमच्यात ठरलंय ते असं: राहायचं धक्का असलेल्या घरात, आणि एखाद्या सकाळपुरती होडी घ्यायची. वारा उठायच्या आत मेहुणा थोरलीला घेऊन जातो. दोनच दांडे असल्यामुळे गुंत्याची कटकट होत नाही. सासरे खुर्ची टाकून धक्क्यावरच बसतात आणि होडीवाल्यांपेक्षा जास्त मासे काढल्याचं सांगतात. मोजायला कोणी नसतं.

घर ठरवताना खोल्यांबद्दल कमी आणि धक्क्याबद्दल जास्त विचारा: टोकाशी पाणी किती खोल आहे, तळाला वनस्पती आहेत की वाळू, दुपारी वारा कुठून येतो, आणि तो धक्का फक्त आपलाच की शेजारच्यांचाही. टोकाशी गुडघाभरच पाणी असेल तर माझं वरचं बरंचसं म्हणणं बाद समजा. आणि तुम्ही दोघंतिघंच असाल, मुलं मोठी असतील, मोठ्या माशाचीच ओढ असेल, तर खुशाल होडी घ्या. फक्त नांगर दोन आहेत ना, ते विचारून घ्या.